टाइमशेअरचा आठवडा भाड्याने दिला, मोडतोडीचं बिल आमच्या नावावर आलं. काय करू?

जुळे_सोलापूर | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले जेवण गोड लागत नाही, म्हणून शेवटी इथे लिहायलेय.

सासऱ्यांनी २००९ मध्ये एका हॉलिडे क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेतली होती, म्हणजेच टाइमशेअर, दर वर्षी त्यांच्या रिसॉर्टमध्ये ठरावीक दिवस राहायचा हक्क. तुमचा लकी नंबर लागलाय, जोडीनं या, जेवण आमच्याकडे, असा फोन आला. सासू-सासरे गेले आणि तीन तासांनी सही करूनच परत आले. तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालू होते, हातात पैसा होता. सुरुवातीची काही वर्षं सगळं घर गोव्याला, महाबळेश्वरला जायचं. नातवंडं पाण्यात खेळायला लागली की ते काठावर खुर्ची टाकून बसायचे, उठायचेच नाहीत. ते गेल्यावर मेंबरशिप मिस्टरांच्या नावावर झाली. आता माग विकले, मिस्टर नोकरीला, मुलगी दहावीला. जाणं होत नाही, पण मेंटेनन्स गेलं तरी भरायचा आणि नाही गेलं तरी भरायचा. यंदा जीएसटी धरून १९,८०० झाला.

म्हणून फेसबुकच्या एका ग्रुपवर गोव्याचा आठवडा टाकला. वन बेडरूम, सात रात्री, २२,०००. पुण्याचा एक मुलगा तयार झाला. म्हणाला, मी, बायको आणि दोन मुलं. १६,००० आगाऊ पाठवले, उरलेले ६,००० चेक-इनच्या दिवशी देतो म्हणाला. मी त्याच्या नावाचं गेस्ट लेटर, म्हणजे आमच्या जागी तो राहील असं पत्र, काढून दिलं.

चेक-इनच्या दिवशी रात्री साडेअकराला रिसॉर्टचा फोन. सहा पोरं आलीत, बाईमाणूस कोणी नाही, खोली चौघांची आहे, काय करू? मी म्हटलं एवढ्या रात्री पोरं जातील कुठं, राहू द्या. ६,००० काही आले नाहीत. उद्या करतो, परवा करतो, आणि आठवडा संपल्यावर फोन उचलणंच बंद.

मग रिसॉर्टकडून बिल आलं. ज्यादा दोन माणसांचे रोजी ५०० प्रमाणे सात रात्रींचे ७,०००. सोफा ३,८००. इलेक्ट्रिक किटली १,४५०. टॉवेल ९००. एकूण १३,१५०. फोटोही पाठवलेत. सोफ्याच्या हातावर सिगारेटचे तीन गोल डाग ओळीने, जणू कोणी मोजून टेकवलेत. किटलीच्या तळाला मॅगीच्या शेवया चिकटून काळ्या झालेल्या. तो फोटो बघून मला का कोण जाणे, सोफ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. सासूबाईंनी दर ट्रिपला तसल्याच किटलीत चहाचं पाणी ठेवलेलं आहे आणि निघताना ती पुसून ठेवलेली आहे.

बिल भरेपर्यंत पुढचं बुकिंग उघडत नाही. आलेल्या १६,००० मधून हे भरलं तर हातात २,८५०, आणि मेंटेनन्स तर कधीच गेलाय. त्या मुलाकडून पैसे काढायचा काही मार्ग आहे का? रिसॉर्टशी भांडू का?

चाटी_गल्ली | रविवार, रात्री ११.०५

ताई, वाचून डोकं फिरलं. त्याचं आधार कार्ड आहे ना तुमच्याकडं? फोटोसकट टाका त्याच ग्रुपवर. दोन तासांत पैसे येतील बघा.

कडक_भाकरी | सोमवार, सकाळी ७.१५

तसलं काही करू नका ताई. आधी दोन गोष्टी सांगा. क्लबला हे भाड्याने दिलंय म्हणून माहीत आहे का? आणि पोराला रिसेप्शनवर काय सांगायला सांगितलं होतं?

मी का विचारतो ते सांगतो. माझ्याकडे एका छोट्या रिसॉर्टचा ठरलेला आठवडा आहे, वर्षातला दोन नंबरचा, म्हणजे नेमकी संक्रांत. घेताना डोक्यातच आलं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापूरचा माणूस गाव सोडतो का? मी स्वतः यात्रेत नंदीध्वज पेलतो, आधी महिनाभर सराव असतो, अक्षता सोहळा सोडून मी कुठल्या समुद्रावर जाणार. म्हणून नऊ वर्षं झाली, दर वर्षी तो आठवडा भाड्यानेच जातो. आमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की मालकाला आठवडा भाड्याने देता येईल, लेखी कळवायचं आणि येणाऱ्याचं नाव द्यायचं. त्यामुळे मी रिसॉर्टला उघड सांगतो. तुमच्या करारात काय आहे त्यावर पुढचं सगळं आहे.

माझ्याही हातून सुरुवातीला पैसे बुडालेत. पहिल्याच वर्षी अर्धे घेतले आणि अर्धे नंतर म्हटलं. एकदा माणूस खोलीत शिरला की उरलेले पैसे मागायला आपल्या हातात काहीच राहत नाही. आता सगळं भाडं चेक-इनच्या वीस दिवस आधी घेतो, आणि ते खात्यात दिसल्याशिवाय रिसॉर्टला नाव कळवत नाही. वर ५,००० डिपॉझिट वेगळं. ते भाड्यात धरायचं नाही, चेक-आउट झाल्यावर रिसॉर्टला स्वतः फोन करून विचारायचं आणि त्याच दिवशी परत करायचं. त्याच दिवशी, हे मी मुद्दाम लिहितोय. माझ्याकडे तीन कुटुंबं दर वर्षी फिरून येतात ती त्याचमुळे.

आणखी एक. चॅटवर बोलून मी कधीच आठवडा देत नाही. फोन करतो, दहा मिनिटं बोलतो. मुलं केवढी आहेत, कुठल्या गाडीने जाणार, जेवण खोलीत करणार की बाहेर. जो खरंच बायको-मुलांना घेऊन चाललाय तो हे सगळं आनंदाने सांगतो. दुसरा फक्त विचारतो, पार्टी चालेल ना.

जुळे_सोलापूर | सोमवार, सकाळी ९.५०

दादा, तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलं. क्लबला सांगितलेलं नाही. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले तसं मी त्या मुलाला सांगितलं होतं, कोणी विचारलं तर मिस्टरांचा भाचा आहे म्हण. करार सासऱ्यांच्या कपाटात आहे, आज काढते.

पार्क_चौक | सोमवार, सकाळी ११.२०

ताई, राग मानू नका, मोठा भाऊ म्हणून लिहितोय. तुमची अडचण सोफ्यात नाही, भाच्यात आहे. त्या रात्री रिसॉर्टने फोन केला तेव्हा तुम्हाला म्हणता आलं असतं की चौघांचंच ठरलंय, सहा जणांना माझी परवानगी नाही, ज्यादा पैसे त्यांच्याकडून आत्ता घ्या, नाहीतर दोघांना दुसरी खोली घ्यायला लावा. पण भाच्याला कोणी असं बाहेर काढतं का? रिसॉर्टवाल्यांनीही तेच धरलं असणार, मेंबरच्या घरचीच पोरं आहेत, मेंबर भरतील. म्हणून त्यांनी पोरांना अडवलं नाही आणि बिल तुमच्याकडे पाठवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बरेच क्लब पाहुण्याला पाठवू देतात, पण पैसे घेऊन किंवा जाहिरात देऊन देणं करारातच बंद केलेलं असतं. एक्स्चेंजमधून, म्हणजे दुसऱ्या मेंबरशी अदलाबदल करून घेतलेल्या आठवड्याचं तर आणखी कडक. आरसीआय ही अशी अदलाबदल करून देणारी कंपनी, तिचं गेस्ट सर्टिफिकेट भेट देता येतं, विकता किंवा भाड्याने देता येत नाही. ग्रुपवर सर्रास चालतं म्हणून ते बरोबर होत नाही.

सात_रस्ता_वकील | सोमवार, दुपारी ३.३०

कोर्टातून आत्ता आलो, सविस्तर लिहितो.

चाटी गल्लीवाले मालक, आधार ग्रुपवर टाकणं अजिबात नको. उद्या तोच मुलगा बदनामीची तक्रार घेऊन उभा राहील आणि ताई आरोपीच्या पिंजऱ्यात. पोलिसात फसवणुकीची तक्रार द्या असंही कोणीतरी सांगेलच. ठरलेले पैसे नंतर न देणं एवढ्यावर फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून बुडवायचाच हेतू होता हे दिसावं लागतं. इथे त्याने १६,००० दिलेले आहेत. हा पैशाच्या वसुलीचा दिवाणी मामला आहे.

ताई, व्हॉट्सॲपवर ठरलं तरी तो करारच. १८७२ चा करार कायदा स्टॅम्पपेपरच पाहिजे असं म्हणत नाही. किती माणसं, किती रात्री, किती पैसे, कधी द्यायचे, हे त्या चॅटमध्ये असेल तर तुमचा पाया भक्कम आहे. चॅट पुसू नका, त्याचा नंबर ब्लॉक करू नका, आणि तो मोबाइल इतक्यात बदलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. स्क्रीनशॉट काढाच, पण पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा.

काय मागता येईल? बाकीचे ६,००० नक्की. ज्यादा माणसांचे ७,००० मागता येतील, पण तुम्ही फोनवर राहू द्या म्हणालात हे तो पुढे करणार. सोफा, किटली, टॉवेल यांचं प्रत्यक्ष झालेलं नुकसान करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येतं, त्यासाठी रिसॉर्टचं बिल आणि तारखेसकट फोटो हवेत. पुढच्या वेळी कोणी करारात पन्नास हजार दंड असं लिहा म्हणेल, त्याचा फार उपयोग नाही. कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या आत जेवढी वाजवी तेवढीच भरपाई देतं.

एवढ्या रकमेसाठी दावा लावा असं मी सांगणार नाही. आधी एक साधं पत्र, रागाचा एकही शब्द नको, रकमा वेगवेगळ्या, फोटो जोडून, सात दिवसांची मुदत. व्हॉट्सॲपवर आणि आधारवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने. पत्ता बऱ्याचदा आईवडिलांच्या घरचा असतो, तिथे पत्र पोचणं महत्त्वाचं. उत्तर नाही आलं तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज शक्यतो तुमच्या नावाने करा. पैसे तुमच्या खात्यावर आले होते का?

जुळे_सोलापूर | सोमवार, दुपारी ४.१०

हो, माझ्याच खात्यावर. चॅटही माझ्याच फोनवर. रिसॉर्टविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येईल का? १,४५० ची किटली कुठं असते वकीलसाहेब?

सात_रस्ता_वकील | सोमवार, रात्री ८.००

जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, क्लबचं ऑफिस कुठेही असो. क्लबला भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची, आणि १९१५ ला फोन करून आधी हेल्पलाइनवर नोंदवता येते. पण क्लब पहिल्याच उत्तरात दोन मुद्दे घेईल. करार मोडून भाड्याने दिलं, आणि व्यापारी हेतू असल्यामुळे हे ग्राहकच नाहीत. एकदाच दिलं असेल तर दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देता येईल. पहिल्याला काय उत्तर देणार? किटलीसाठी ही वाट धरू नका, सरळ बोला.

रिसेप्शन_१२_वर्षे | सोमवार, रात्री ९.२५

मी मूळचा विजापूर वेशीचा, बारा वर्षं महाबळेश्वर आणि गोव्यात फ्रंट ऑफिसला काढली. आता घरी परत आलोय. काउंटरच्या आतून कसं दिसतं ते लिहितो.

चेक-आउटच्या वेळी हाउसकीपिंगचा मुलगा खोलीत जातो. त्याच्या हातात यादी असते. ताटं चार, वाट्या आठ, चमचे, पातेलं, किटली, टॉवेल, रिमोट. तो वरून फोन करतो, ओके आहे. त्यानंतर गेस्टला सोडतात. हे नियमाने झालं तर मोडतोड तिथंच कळते आणि पैसे गेस्टच देतो. पण गर्दीच्या दिवशी पन्नास खोल्या एकदम सुटतात, बाहेर टॅक्सी हॉर्न मारत असते, सोफ्यावर उशी ठेवलेली असते. उशी उचलून कोण बघतं? गेस्ट गेल्यावर साफसफाईत डाग सापडतो. मग तो मेंबरच्या नावावर जातो, कारण सिस्टिममध्ये दुसरं नावच नसतं.

म्हणून ताई, भांडू नका, तीन गोष्टी मागा. खोलीची चेक-इनची यादी त्या मुलाच्या सहीसह. मोडतोड सापडल्याची वेळ आणि कोणाला सापडली. आणि वस्तूंच्या किमतीचा छापील दर. सोफ्याचं फक्त कापड बदललं असेल तर कापडाचं बिल मागा. टॉवेल हरवले की डागाळले तेही विचारा, डागाळलेला टॉवेल धुऊन निघत असेल तर ९०० कशाचे? व्यवस्थित विचारणाऱ्या मेंबरला मॅनेजर काहीतरी कमी करून देतोच, हा माझा अनुभव आहे. ओरडणाऱ्याचा मेल वर हेड ऑफिसला जातो आणि तिथं महिनाभर पडून राहतो.

आणि पुढच्या वेळी, मग तो सख्खा भाऊ का असेना, चेक-इनच्या आधी रिसॉर्टला एक मेल टाकायचा. या बुकिंगवर अमुक माणसं येतील, त्यापेक्षा जास्त नकोत, जेवण, लाँड्री, ज्यादा गादी, मोडतोड सगळं गेस्टच्या नावावर, चेक-इनला त्यांच्याकडूनच डिपॉझिट घ्यावं आणि खोली तपासूनच सोडावं. असा मेल बुकिंगला जोडलेला असला की काउंटरवरचा मुलगा रात्री साडेअकराला तुम्हाला फोन करत नाही. त्याला काय करायचं ते लिहिलेलं असतं.

हुतात्मा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ६.५०

गाडीत बसून वाचायलोय, दुसरी बाजूही सांगतो. मागच्या मे महिन्यात आईला घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो, असाच एका मेंबरकडून आठवडा घेतला होता. १८,००० पूर्ण दिले. काउंटरवर गेलो तर बुकिंगच नाही. मेंबरने मेंटेनन्स थकवला होता म्हणून क्लबने ते आधीच रद्द केलं होतं. आई बाकावर बसलेली, गुडघे दुखतायत, हातात शेंगाचटणी अन् भाकरीची पिशवी, आणि मी फोन लावायलोय. तो माणूस खोटा नव्हता, दोन महिन्यांनी पैसे परत केले. पण ती दुपार मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी कन्फर्मेशन माझ्या नावाचं घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि रिसॉर्टचा लँडलाइन नंबर स्वतः शोधून बुकिंग नंबर सांगून खात्री करतो. मेंबरने दिलेल्या नंबरवर नाही. माझ्या मित्राला तर मेंबरच नसलेला भामटा भेटला होता. त्याने लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थोडे पैसे बँकेत अडवता आले.

कडक भाकरीवाले काका, तुम्ही सगळे पैसे वीस दिवस आधी मागता, तेव्हा समोरच्याच्या मनात हीच भीती असते. त्याचं काय करता?

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ८.३०

बरोबर विचारलंत. मी त्यांना रिसॉर्टच्या मॅनेजरशी थेट बोलायला सांगतो, मेंटेनन्स भरल्याची पावती पाठवतो, आणि घरी या म्हणतो. पुण्याचे एक जण खरंच आले होते, अक्कलकोटला चालले होते, वाटेत घरी जेवून गेले. उघड व्यवहार असला की हे जमतं. भाड्याचे पैसे रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवतो, तेही सांगून ठेवतो.

जुळे_सोलापूर | पुढच्या आठवड्यात, बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

करार सापडला. सोळाव्या पानावर आहे. कुटुंब आणि मित्रांना पाठवता येईल, मोबदला घेऊन किंवा जाहिरात करून देता येणार नाही, तसं आढळल्यास बुकिंग रद्द. सासऱ्यांनी त्या पानावर खाली सहीसुद्धा केलेली आहे. मी पहिल्यांदाच वाचलं.

मिस्टरांशी बोलून रिसॉर्टच्या मॅनेजरना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, भाचा नव्हता, पैसे घेतले होते, चूक झाली. हात थरथरत होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, मॅडम, आम्हाला अंदाज आला होता, पण तुम्ही हो म्हणालात म्हणून आम्ही पुढे काही बोललो नाही. पुन्हा करू नका म्हणून लेखी ताकीद आली, तेवढ्यावर थांबलं. यादी मागितली ती मिळाली. टॉवेल धुऊन निघाले होते, ९०० काढले. सोफ्याचं कापड बदललं त्याचं बिल २,३०० होतं, तेवढंच लावलं. किटली मात्र १,४५० चीच, दर छापलेला होता. म्हणजे १०,७५० भरले आणि बुकिंग उघडलं.

त्या मुलाला वकीलसाहेबांनी सांगितलं तसं पत्र पाठवलं. व्हॉट्सॲपवर निळी खूण आली, उत्तर नाही. स्पीड पोस्ट पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. घरात कोणाला काही माहीत नव्हतं, तो मित्रांबरोबर कोकणात गेलाय एवढंच सांगितलं होतं. त्यांनी फोटो मागितले. अर्ध्या तासाने ९,७५० आले, बाकीचे ६,००० अधिक सोफा आणि किटली. ज्यादा माणसांचे ७,००० मी मागितले नाहीत. राहू द्या मीच म्हटलं होतं. फोन ठेवताना ते म्हणाले, ताई, माफ करा. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

डिसेंबरचा आठवडा आता नणंदेला दिलाय. पैसे नाहीत, ती मेंटेनन्सला तिच्या मनाने काही देणार असेल तर देईल. होटगी रोडवरून आता गोव्याचं विमान आहे, तिची मुलं त्याच्यावरच खूश आहेत. रिसेप्शनवाल्या दादांनी सांगितलेला मेल तिच्यासाठीही पाठवला. तोच इथे देते, कोणाला लागला तर:

"नमस्कार. आमच्या बुकिंगवर माझी नणंद, तिचे पती आणि दोन मुले असे चौघे येत आहेत. त्यांचे नाव व ओळखपत्राचा तपशील सोबत आहे. चारपेक्षा जास्त व्यक्तींना आमची संमती नाही. जेवण, लाँड्री, ज्यादा गादी व मोडतोड यांचे पैसे चेक-आउटपूर्वी पाहुण्यांकडूनच घ्यावेत. चेक-इनला वस्तूंच्या यादीवर त्यांची सही घ्यावी व खोली तपासून झाल्यावर आम्हाला मेलने कळवावे. हा मेल मिळाल्याचे कृपया उत्तर द्यावे."

रिसेप्शन_१२_वर्षे | बुधवार, रात्री १०.००

छान झालंय ताई. एक ओळ वाढवा, "संमतीबाबत फोनवर विचारू नये, मेलवरच विचारावे." आणि गोव्यात हाच मेल इंग्रजीतूनही खाली चिकटवा, रात्रपाळीला मराठी वाचणारा असेलच असं नाही.

जुळे_सोलापूर | बुधवार, रात्री १०.२०

वाढवली. इंग्रजी मुलगी करून देतेय.